रुळावर पानं पडली म्हणून गाडी उशिरा?

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये शेफील्डला शिकते. ऑक्टोबर लागला की तिच्या गाडीला उशीर होतो आणि स्टेशनवर सांगतात, ‘रुळांवर पानं पडली आहेत.’ एवढी अवजड गाडी पानांनी अडते हे आम्हाला काही पटत नाही. हे खरं कारण की सबब? मग झाडंच का तोडत नाहीत?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, कारण अगदी खरं आहे. मी कल्याणच्या लोको शेडमध्ये नोकरी केली. आमची झुंज पावसाळ्याशी आणि कसारा घाटातल्या ३७ मीटरला एक मीटर चढाशी असायची, तिकडे ती पानगळीशी असते. चाक घसरण्याचं शास्त्र मात्र दोन्हीकडे एकच.

पोलादी चाक पोलादी रुळाला टेकतं ती जागा अंगठ्याच्या नखाएवढी. गाडी ओढणं आणि थांबवणं, सगळं तेवढ्याशा जागेतल्या घर्षणावर. कोरड्या रुळावर घर्षणांक, म्हणजे पकड किती ते सांगणारा आकडा, ०.३च्या आसपास असतो, ब्रेक नीट लागायला ०.१च्या आसपास तरी हवा. पानांच्या थरावर तो ०.०५च्याही खाली जातो. मग चाकं जाम होतात आणि गाडी तशीच सरकत राहते.

गाडीच्या वाऱ्याने पानं उडून चाकांखाली येतात, भरडली जातात आणि रुळावर काळा, कडक, चकचकीत थर बसतो. तो नुसत्या झाडूने निघत नाही. शेफील्ड विद्यापीठातल्याच संशोधकांनी २०२० मध्ये त्यामागचं रसायन मांडलं : वाळक्या पानांतलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य पाण्यात उतरतं आणि लोखंडाशी त्याची प्रक्रिया होते. लोखंडी कढईत आवळा ठेवला की काळा पडतो, तीच ही प्रक्रिया. धो धो पाऊस झाला तर रूळ धुऊन निघतात, पण पहाटेचं दव किंवा बारीक रिमझिम सर्वांत वाईट. शिवाय हा थर विजेला अडवतो. सिग्नलची यंत्रणा रुळांतल्या विजेच्या प्रवाहावरून गाडी कुठे आहे ते ओळखते, त्यामुळे थर जाड झाला तर रुळावर उभी असलेली गाडी यंत्रणेला दिसतच नाही. मला पानांची खरी धास्ती वाटते ती इथे.

झाडांचं म्हणाल तर वाफेच्या इंजिनांच्या काळात ठिणग्यांनी आग लागू नये म्हणून रुळांच्या कडा साफ ठेवत. १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेची वाफेची इंजिनं बंद झाली, तशी ती निगाही सुटली आणि झाडं वाढली. आता धोकादायक झाडं छाटतात, पण सरसकट तोडता येत नाहीत, कारण भरावाची माती त्यांच्याच मुळांनी धरलेली असते. जुन्या गाड्यांचे ब्रेक थेट चाकाच्या कडेवर घासत आणि चाक आपोआप साफ होई. चाकाऐवजी वेगळ्या चकतीला आवळणारे डिस्क ब्रेक आले आणि तेही थांबलं.

आज तिथे खास गाड्या फिरतात. त्या प्रचंड दाबाच्या पाण्याने रूळ खरवडतात आणि मागून वाळू व पोलादी कण मिसळलेली जेली सोडतात. प्रवासी गाडीही पकड मिळावी म्हणून चाकापुढे वाळू टाकते, आणि शेवटी सगळं येऊन थांबतं त्या वाळूच्या नळीवर. ८ नोव्हेंबर २०१० रोजी इंग्लंडमधल्या स्टोनगेटला एक गाडी ब्रेक लावलेले असूनही स्टेशन ओलांडून जवळपास चार किलोमीटर पुढे गेली. पुढच्या वाळूपेट्या रिकाम्या असाव्यात, असा चौकशीचा निष्कर्ष होता. २१ ऑक्टोबर २०२४ रोजी वेल्समध्ये टॅलर्डिगजवळ दोन प्रवासी गाड्यांची टक्कर होऊन एका प्रवाशाचा जीव गेला. तिथे गाडीच्या वाळूच्या नळ्या तुंबलेल्या आढळल्या. हे वाचलं आणि मला रात्री झोप लागली नाही. ओल धरली की वाळूचे गोळे होतात आणि नळी तोंडाशीच बसते, हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून पाइपाखाली डबा धरायचा, आत बसलेल्याला बटण दाबायला सांगायचं आणि वाळू डब्यात पडलेली डोळ्यांनी बघायची. गाडी शेडबाहेर काढण्याआधी हे व्हायलाच हवं, देश कुठलाही असो.

प्रश्न : रूळ साफ करायला लेझर आणि कोरडा बर्फ वापरतात असं ऐकलं. यात तथ्य किती? मला याच विषयावर प्रोजेक्ट करायचा आहे.
— यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : दोन्ही खरं आहे. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड रेल्वेने २०१८ मध्ये लेझरची गाडी चालवून पाहिली. अडचण अशी की गाडी वेगात असली की रुळाचा प्रत्येक तुकडा किरणाखाली क्षणभरच येतो. कोरडा बर्फ, म्हणजे उणे ७८ अंशांचा घन कार्बन डायऑक्साइड, मला जास्त आशेचा वाटतो. शेफील्डच्या प्रयोगांत त्याच्या गोळ्या हवेच्या झोतात रुळावर मारतात. थर गारठून ठिसूळ होतो, गोळीचा झटकन वायू होतो आणि त्या फुगण्याने थर उचकटतो. मागे पाणी राहत नाही. पाण्याची मोठी टाकी वाहायची नसल्याने हे यंत्र नेहमीच्या प्रवासी गाडीवरही बसवता येईल, असा विचार आहे. तसं झालं तर रूळ दिवसभर साफ होत राहतील. तरी माझ्या हाती पैसे असते तर मी ते आधी सुधारित सँडरवर घातले असते. हा सँडर एकाऐवजी दोन ठिकाणी आणि वेगानुसार कमीजास्त वाळू सोडतो.

प्रोजेक्टसाठी महागडं यंत्र नको. पोलादाची गुळगुळीत पट्टी घे, सागाची वाळकी पानं भिजवून तिच्यावर ठेव आणि व्हाइसमध्ये कच्चून दाब. थर बसला की त्यावर पोलादी ठोकळा ठेवून पट्टी हळूहळू तिरपी कर. ठोकळा घसरतो त्या कोनाचा टॅन म्हणजे घर्षणांक. ०.३ म्हणजे साधारण १७ अंश, ०.०५ म्हणजे जेमतेम ३. कोरड्या पट्टीवर, ओल्या थरावर आणि थरावर वाळू भुरभुरवून असे तिन्ही कोन मोज. आकडे आले की मला नक्की कळव.