नाशिकमध्ये राहून, रिमिक्स बनवणाऱ्याला इलेक्ट्रॉनिक म्युझिकमध्ये करिअर करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की गणपतीसाठी, हळदीसाठी रिमिक्स बनवून यूट्यूबवर टाकता, व्ह्यूज येतात पण पैसे येत नाहीत, मग यात पुढे काही आहे का आणि मुंबईला जावं लागेल का. मी नाशिकमध्येच घरच्या छोट्या स्टुडिओत हेच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

करिअर आहे, पण नुसत्या रिमिक्सवर नाही. मूळ रेकॉर्डिंग म्युझिक कंपनीचं, चाल आणि शब्दांचे हक्क वेगळे, त्यामुळे परवानगी नसेल तर तुम्ही रात्ररात्र जागून केलेलं कामही तुमच्या मालकीचं होत नाही. कंटेंट आयडीने, म्हणजे यूट्यूबच्या गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेने, गाणं पकडलं की क्लेम म्हणजे हक्काचा दावा येतो, व्हिडिओ बहुतेक वेळा राहतो पण जाहिरातीचे पैसे हक्क असणाऱ्याकडे जातात. कॉपीराइट स्ट्राइक म्हणजे यूट्यूबची ताकीद त्याहून वाईट, ९० दिवसांत ३ झाले की चॅनेलच जाऊ शकतं. पिच वर-खाली करून क्लेम चुकवण्यात बरेच जण वेळ घालवतात, तुम्ही नका घालवू.

पण रिमिक्स सोडाही म्हणणार नाही, कान त्यानेच तयार होतो. जुनं मराठी गाणं घेऊन बघा, तेव्हा वादक एकत्र बसून वाजवायचे, क्लिक (लय धरून ठेवणारी टिकटिक) नसायचा, त्यामुळे अंतऱ्याला लय हळूच चढते आणि तुमचा किक (बेस ड्रमचा ठोका) तिथेच राहतो. मग एकेक आवर्तन वॉर्प करत, म्हणजे ताणून-आखडून ठोक्यावर बसवत बसावं लागतं, आणि ते करतानाच कळतं की ढोलकीवाला नक्की कुठे ओढतोय.

आता मुख्य गोष्ट, स्वतःचे आवाज गोळा करा. नाशिक ढोलाचे तेच ते लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचे तयार तुकडे) सगळ्यांच्या लॅपटॉपमध्ये आहेत आणि आपण तर नाशिकमध्येच राहतो! गणपतीच्या आधी पथकांचे सराव सुरू होतात, पथकप्रमुखांना रीतसर विचारा आणि रेकॉर्डर घेऊन जा. ढोलाच्या अगदी तोंडाशी माइक धरला तर आवाज फाटतो, थोडं लांब उभे रहा, लेव्हल बरीच खाली ठेवा, आणि ताशापासून तर लांबच. सराव संपल्यावर एखाद्या वादकाकडून सुटे ठोके मागून घ्या, टिपरूचे (काठीचे) वेगळे, हाताचे वेगळे. घरी येऊन ते किकबरोबर लावले की खाली नुसतं घुमतं, काहीच कळत नाही, कारण दोघांचाही जोर साधारण ६० ते १०० हर्ट्झमध्येच असतो. मी ढोल साधारण ९० च्या खाली कापतो, साइडचेनने (किक वाजला की ढोल क्षणभर आपोआप दबतो) किकला जागा करून देतो आणि टिपरूचा फटका वर मोकळा सोडतो, लगेच ढोल ढोलासारखा वाजायला लागतो.

इलेक्ट्रॉनिक म्युझिक बनवणारा न्यूक्लिया म्हणजे उद्यान सागर, त्याचंच बघा ना. अहमदाबादच्या बंदिश प्रोजेक्ट या ग्रुपपासून त्याची सुरुवात, २०१५ मध्ये 'बास राणी' अल्बम त्याने फुकट दिला आणि मुंबईत विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजवून लाँच केला. गल्लीतले आवाज आणि जड बेस ही त्याची ओळख, आणि ती ओळख होती म्हणून लोक तिकीट काढून ऐकायला आले.

पैशाचं म्हणाल तर मिरवणुकीच्या डीजेवर घर चालवायचा विचार करू नका, सीझन छोटा आणि बहुतेक दिवशी रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. त्यापेक्षा दुसऱ्यांची गाणी अरेंज करा, मिक्सिंग करा. सटाणा, मालेगाव, पुढे धुळे-जळगावपर्यंत अहिराणी गाणी बनवणारे भरपूर लोक आहेत, त्यांना चांगला म्युझिक करणारा पाहिजेच असतो. ॲडव्हान्स घ्या, किती वेळा बदल करून देणार ते आधीच व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा, आणि ट्रॅकवर नाव येईल हेही ठरवून घ्या. स्वतःच्या चाली झाल्या की आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व घ्या, रॉयल्टी तिथून येते, रिमिक्सवाल्यांपैकी फार कमी जण हे करतात.

मुंबईला राहायला जायची आत्ता तरी गरज नाही. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, मीटिंग आणि गिगला तेवढं पुरतं. तिकडच्या भाड्याच्या पैशात आधी बरे मॉनिटर स्पीकर घ्या, कारण हेडफोनवर केलेला बेस मोठ्या सिस्टीमवर हमखास वेगळा वाजतो.