पशुपालन आणि कुक्कुटपालन शिकताना कोणते मूलभूत शब्द आधी समजून घ्यावेत?

तुम्ही विचारलंय की गोठ्यावर आणि कोंबड्यांच्या शेडवर काम शिकताना भाकड, वेत, उलटणे, तलंग, खुडूक असे शब्द सतत कानावर पडतात, अर्थांची यादी पाठ करूनही समोरचा नेमकं काय सांगतोय ते कळत नाही, तर सुरुवात कुठून करावी?

'भाकड'पासून करा. या एका शब्दाच्या अर्ध्या अर्थानं पहिल्याच वर्षी माझं एक वासरू गेलं.

मी घेतलेल्या जनावरांत एका गायीची धार बंद होती. जुना गडी म्हणाला, "ती भाकड आहे." मी समजलो, दूध नाही तर हिला खुराक कशाला. आंबोण (भिजवलेला खुराक) बंद केलं आणि तिला नुसत्या वाळल्या वैरणीवर ठेवलं. ती सात महिन्यांची गाभण होती. व्यायली तेव्हा वासरू हाडकुळं, पायावर उभं राहवेना, आणि कासेत चीक (विल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध) जेमतेम. चौथ्या दिवशी ते गेलं. गडी खरं तेच बोलला होता. पुढचा प्रश्न मी विचारला नव्हता.

भाकड म्हणजे सध्या दूध न देणारी, एवढंच. ती गाभण असेल किंवा रिकामी असेल, शब्द ते सांगत नाही. कधीच न फळणारी ती वांझ, तो शब्द वेगळा. गाभण गायीला विण्याच्या सुमारे 60 दिवस आधी मुद्दाम आटवतात, म्हणजे धार बंद करतात. या काळात कासेतल्या दूध तयार करणाऱ्या पेशी नव्यानं भरून येतात, आणि पोटातल्या वासराची निम्म्याहून जास्त वाढ शेवटच्या तीन महिन्यांतच होते. म्हणजे दूध देत नसतानाचा हाच काळ तिला नीट खाऊ घालण्याचा. कुणी भाकड म्हटलं की लगेच विचारायचं: गाभण आहे का, आणि कितवा महिना?

माझ्या मते गोठ्यातले बहुतेक शब्द तीनच प्रश्नांची उत्तरं देतात. ही कधी व्यायली आहे का? आत्ता पोटात आहे का? आत्ता दूध देते का? शब्द ऐकला की तो यातल्या कशाचं उत्तर देतो आणि कशाचं देत नाही, ते पाहायचं.

वयाचे शब्द सोपे आहेत. गायीची वाढती मादी कालवड, म्हशीची वगार, शेळीची पाठ (काही जण पाट म्हणतात). तिन्ही अजून न व्यायलेल्या. नर वासरू गोऱ्हा, वाढता नर खोंड, पैदाशीसाठी राखलेला वळू, खच्ची करून कामाला जुंपलेला बैल. म्हशीचं पिल्लू रेडकू किंवा पारडू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू. हे आठवडाभरात अंगवळणी पडतं. फक्त कालवड विकत घेताना एक विचारा: ही जुळ्यातली आहे का, आणि सोबत गोऱ्हा होता का? तशा दहातल्या नऊ कालवडी वांझ निघतात. गर्भाशयात दोघांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि नराकडून येणाऱ्या द्रव्यांमुळे मादीची जननेंद्रियं नीट घडत नाहीत. बाहेरून बघून हे सहसा कळत नाही.

'वेत' म्हणजे विण्याची खेप. तिसऱ्या वेताची गाय म्हणजे तीनदा व्यायलेली. वय त्यावरून अंदाजानंच कळतं. पहिल्यांदा व्यायलेली ती पहिलारू. दोन वेतांतलं अंतर हा आकडा मला दुधाच्या लिटरपेक्षा जास्त बोलका वाटतो. गायीचा गाभणकाळ सुमारे 280 दिवस. वर्षाला एक वासरू हवं असेल तर 365 मधून ते वजा करा, उरतात 85. विल्यानंतर तेवढ्या दिवसांत ती पुन्हा गाभण राहायला हवी. म्हशीचा गाभणकाळ 310 दिवसांच्या आसपास, म्हणून तिच्याकडून वर्षाला एक वेत मिळणं अवघड. शेळी-मेंढीचा साधारण 150, डुकरिणीचा 114.

आता माज, म्हणजे मादी गर्भ धरायला तयार असण्याचा काळ. इथले शब्द नीट कळले नाहीत तर महिनेच्या महिने वाया जातात. गाय, म्हैस, शेळी साधारण दर 21 दिवसांनी माजावर येते, मेंढी 17 दिवसांनी. गायीचा माज जेमतेम 12 ते 18 तास टिकतो. दुसरी गाय अंगावर चढली तरी ती स्थिर उभी राहते, ही सगळ्यात भरवशाची खूण. योनीतून काचेसारखा स्वच्छ, चिकट स्राव लोंबतो, त्याला सोट म्हणतात. म्हशीत बऱ्याचदा या खुणा दिसतच नाहीत, त्याला मुका माज म्हणतात; तिच्यावर पहाटे आणि रात्री लक्ष ठेवावं लागतं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन (वळूचं वीर्य नळीनं गर्भाशयात सोडणं), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, असा जुना नियम आहे. स्त्रीबीज माज ओसरल्यानंतर काही तासांनी सुटतं, म्हणून तो चालतो.

पुढचे तीन शब्द नवखा माणूस एकच समजतो. 'भरवली' म्हणजे वळू दाखवला किंवा रेतन केलं. 'उलटली' म्हणजे 21 दिवसांच्या सुमारास पुन्हा माजावर आली, गर्भ राहिला नाही. 'गाभण' म्हणजे पशुवैद्यानं तपासून सांगितलं की पोटात आहे. भरवलेली गाय आपोआप गाभण धरू नका. न उलटलेली सुद्धा धरू नका, मुका माज नजरेतून सुटलेला असू शकतो. तीन-चारदा उलटली तर नुसतं रेतन करत राहण्यापेक्षा आधी तपासणी करून घ्या.

'गाभडली' म्हणजे दिवस भरण्याआधी गर्भ पडला. पडलेला गर्भ किंवा वार (गर्भाला आईशी जोडणारं, विल्यावर बाहेर पडणारं आवरण) उघड्या हातानं उचलू नका. ब्रुसेलोसिस या रोगाचे जंतू त्यातून माणसाला लागतात. व्याल्यावर वार 12 तासांत पडली नाही तर ती अडकली म्हणायची आणि पशुवैद्याला बोलवायचं. ओढायची नाही, तिला वजन बांधायचं नाही.

चिकाबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या वारेतून आईची रोगप्रतिकारक द्रव्यं पिल्लाकडे जात नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात, आणि पिल्लाचं आतडं ती शोषून घेण्याची क्षमता पहिल्या काही तासांतच घटत जाते, 24 तासांत जवळजवळ संपते. म्हणून वार पडायची वाट न पाहता पहिल्या दोन तासांत चीक पाजायचा. माझ्या त्या वासराला चीक पुरला असता तर ते वाचलंही असतं, असं मला आजही वाटतं.

कोंबड्यांकडे वळलो तरी तेच प्रश्न. तलंग म्हणजे अंड्यावर यायच्या बेतात असलेली तरुण कोंबडी, म्हणजे कोंबड्यांतली कालवड. अंड्यांच्या जाती साधारण 18 ते 20 आठवड्यांत अंड्यावर येतात. खुडूक म्हणजे उबवायला बसलेली. तेवढे दिवस ती अंडी देत नाही. पिसं झडणारी कोंबडीही अंडी द्यायची थांबते. या दोघी संपलेल्या नसतात, पुन्हा अंड्यावर येतात. त्यांना कळपातून काढण्याची घाई करू नका. अंडं देण्यासाठी कोंबडा लागत नाही, पिल्लू हवं असेल तरच लागतो, आणि उबवण 21 दिवसांची. ब्रॉयलर मांसासाठी वाढवतात, सुमारे सहा आठवड्यांत तयार होतो, लेअर अंड्यांसाठी. ब्रूडर म्हणजे लहान पिल्लांना ऊब देण्याची जागा: पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लं दिव्याखाली गर्दी करून चिवचिवत असतील तर थंडी, कडेला पळून चोच उघडी टाकत असतील तर उष्णता जास्त. तापमापकाइतकंच पिल्लांकडेही बघा.

शेवटचा शब्द मरतूक, म्हणजे मेलेल्या पक्ष्यांचं प्रमाण. ती लपते कुठे ते सांगतो. समजा 100 कोंबड्या ठेवल्या, 80 उरल्या आणि आज 72 अंडी आली. जिवंत कोंबड्यांवर हिशेब केला तर उत्पादन 90 टक्के. याला हेन-डे म्हणतात. मुळात ठेवलेल्या 100 वर केला तर 72 टक्के. हे हेन-हाउस. पहिला आकडा ऐकून शेड उत्तम चाललंय असं वाटतं, दुसऱ्यात गेलेल्या 20 कोंबड्या दिसतात. कुणी तुम्हाला टक्केवारी सांगितली तर ती कोणत्या आकड्यावर काढली आहे ते विचारा, आणि स्वतःच्या वहीत दोन्ही लिहा.