मुंबई बंदर मोठं झालं ते सुएझ कालव्यामुळेच का?

'सुएझ कालवा झाला नसता तर मुंबई बंदर एवढं वाढलं असतं का?' असं तुम्ही विचारलंय. कालव्याचा वाटा मोठा आहेच, पण माझ्या मते खरं कोडं घाटानं सोडवलं.

समुद्राची बाजू पहिल्यापासून चांगली होती. १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं मुंबईची ही बेटं वर्षाला १० पौंड भाड्यानं घेतली, तेव्हाही बंदर तेवढंच सुरक्षित होतं. अडचण मागच्या बाजूला होती, सह्याद्रीची. वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवर लादून आणायचा, पाऊस लागला की तांडा वाटेतच अडकायचा. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर चढली. चढ इतका उभा की गाडीला मध्येच थांबून उलट दिशेनं निघावं लागायचं. हजारो मजूर त्या कामात मेले. १८६५ मध्ये थळघाटही खुला झाला, १८६७ पर्यंत रूळ नागपूरला पोचले.

नेमकं त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना आपला कापूस लागला. भाव चढले, सट्टा चढला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. प्रेमचंद रायचंदांसारखे बडे सटोडियेही त्यात बुडाले. पण रूळ राहिले, आणि कापूस येतच राहिला.

(त्याआधी मुंबईत आलेल्या पैशात अफूचा हिस्सा मोठा. माळव्याची अफू इथून चीनला जायची. शाळेच्या पुस्तकात कापूस असतो, अफू क्वचितच.)

१८६९ मध्ये कालवा उघडला आणि लंडनचं अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. तांबड्या समुद्रातला वारा शिडाच्या जहाजांना जाचक, म्हणून फायदा आगबोटींना. आणि आगबोट म्हणजे महागडं यंत्र, ती खोळंबली की पैसा जळतो. इथे मात्र जहाज दूर नांगर टाकून उभं राहायचं आणि मालाची ने-आण पडावांतून, म्हणजे लहान होड्यांतून, व्हायची! भरती-ओहोटीतला फरकही मोठा. त्यामुळे दरवाजे लावून आत पाणी अडवणारी गोदी हवी होती. ती पहिल्यांदा बांधली ससून कंपनीनं, १८७५ मध्ये कुलाब्याला. बंदराचा कारभार पाहणारा पोर्ट ट्रस्ट १८७३ चा, त्याची प्रिन्सेस डॉक ही गोदी १८८० मध्ये आणि व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये सुरू झाली.

प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली खैराची शेकडो झाडं सापडली होती, काही अजून मुळांवर उभी. म्हणजे जिथे पुढे आगबोटी लागल्या, तिथे कधीकाळी रान होतं. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.