तुला बोलावलंय कोणी?

हर्णै, आषाढ

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. केनियाच्या किनाऱ्यावरच्या एका बालगृहात चार आठवडे जायचं, त्यासाठी एजन्सीला पैसे भरायचे आणि तिथल्या मुलांना माया लावायची, असं लिहिलंयस. बॅग कोणती घेऊ, लस कोणती लागेल, हेही विचारलंयस. ते सांगतेच. पण एक गोष्ट तू लिहिली नाहीस आणि माझं मन तिथेच अडलंय. तुला बोलावलंय कोणी?

रागावू नकोस. ३ जून २०२० आठव. निसर्ग वादळ श्रीवर्धनकडे किनाऱ्याला लागलं आणि आपल्या दापोली-मंडणगडच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. तू तेव्हा दहावीत जायची होतीस. आठवड्याभरात मदतीच्या गाड्या यायला लागल्या. जुन्या कपड्यांचे ढीग देवळाच्या पडवीत भिजत, कुजत पडले. त्यात जरीच्या साड्या होत्या, कोट होते. आपल्याला हवे होते पत्रे, ताडपत्र्या, मेणबत्त्या आणि झाडं कापायला करवती. एका पाहुण्यांनी तुझ्या हातात बिस्किटाचा पुडा दिला, फोटो काढला आणि पुढच्या मुलीकडे वळले. संध्याकाळी माझ्या ओटीवर बसून तू म्हणालीस, "बाई, त्यांनी माझं नावपण नाही विचारलं."

त्याच पावसात घाटावरची सात-आठ पोरं आली होती. आल्या आल्या त्यांनी काही वाटलं नाही. ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं, आम्ही काय करू? अकरा दिवस राहिली. पडलेले माड कापून वाड्यांच्या वाटा मोकळ्या केल्या, आपल्या गड्यांच्या पंगतीला बसून जेवली आणि जाताना करवती इथेच ठेवून गेली. सुपारी लावली की धरायला पाच-सात वर्षं जातात, हे त्यांना आपल्याच माणसांनी सांगितलं. त्यातल्या एकाचा अजून दर जूनमध्ये फोन येतो, रोपं केवढी झाली म्हणून.

तू घेणाऱ्याच्या जागी उभी राहिलेली आहेस, बाळा. हे विसरून तिकडे जाऊ नकोस.

ह्यांची नोकरी केनियातल्या मोंबासा बंदरात होती, तेव्हा बिनपगारी रजा काढून मी दोन वर्षं तिकडे होते. मीही तुझ्यासारखीच एका बालगृहात जायला लागले. दर शनिवारी गोळ्या, फुगे, गाणी. चार-पाच वर्षांचा एक मुलगा पहिल्याच दिवशी येऊन माझ्या मांडीवर बसला. मला भरून आलं. मग हळूहळू दिसलं की तो प्रत्येक नव्या माणसाच्या मांडीवर असाच बसतो आणि ते माणूस निघालं की वळूनही बघत नाही. घरातलं पोर परक्याला आधी बुजतं, आईच्या पदराआड जातं. हे बुजणंच त्याच्यात उरलं नव्हतं. किती जण आले आणि गेले असतील! त्यांत मीही होते, हे कळलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही.

पुढे एका शनिवारी त्याची आई आली. कितीतरी मैल चालत, कापडात बांधलेले आंबे घेऊन. इतके महिने मी त्याला अनाथ समजत होते! तिच्याकडे गणवेशाला पैसे नव्हते. इथे जेवण मिळेल, शाळा मिळेल, असं सांगून कोणीतरी मूल आणून ठेवलं होतं.

जगभर हेच आहे. अशा संस्थांतल्या बहुतेक मुलांचे आईवडील, निदान दोघांतलं एक, हयात असतं. मुलांना बघायला पाहुणे पैसे भरून येतात, म्हणून काही ठिकाणी खाटा रिकाम्या राहू दिल्या जात नाहीत. केनिया सरकारने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणीच थांबवली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही आपल्या ठरावात अशा स्वयंसेवेने होणाऱ्या अपायाची दखल घेतली. म्हणून स्पष्ट सांगते, बालगृहात जाऊ नकोस. चार आठवड्यांसाठी तर नकोच.

मी मग एका सरकारी प्राथमिक शाळेत गेले. २००३ मध्ये तिथे प्राथमिक शिक्षण मोफत झालं तेव्हापासून वर्ग ओसंडून वाहत होते. वर्गबाईंना विचारलं, मी काय करू? त्या म्हणाल्या, शिकवू नका, मागे बसा आणि वह्या तपासा. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? वीस वर्षं शिकवत होते मी. पण वह्यांचा भार हलका झाल्यावर त्या बाईंना मागच्या बाकापर्यंत जायला वेळ मिळू लागला. मुलं त्यांची होती आणि माझ्यामागेही त्यांचीच राहणार होती.

एकदा त्यांनी घरी जेवायला बोलावलं. त्यांच्या सासूबाई बुटक्या लाकडी बैठकीवर बसून नारळ खवत होत्या. बैठकीच्या पुढे दातेरी पातं, थेट आपली खवणी. तिला तिकडे म्हणतात म्बुझी, म्हणजे बकरी. मी म्हटलं, मला द्या. दोन नारळ खवून दिले, करवंटी लागू न देता. म्हातारी हसली आणि त्या दिवसापासून माझ्याशी घरच्यासारखी बोलायला लागली. काजू तिथेही आहे, आंबा आहे, भातात नारळाचा रस आहे. तुझ्या हाताला हे सगळं येतं. त्याची लाज वाटू देऊ नकोस, तिथे ते फार उपयोगी पडेल.

आता तुझे प्रश्न. पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची, लस सरकारमान्य केंद्रातच घे, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी. दाखला जपून ठेव, परत येताना आपल्याकडेही मागतात. हिवतापाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार. पर्यटक म्हणून शिरून तिथे काम करता येत नाही, बिनपगारी असलं तरी, तेव्हा परवाना कोण काढणार ते लेखी घे. ज्या संस्थेने तुझ्याकडे पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला, मागितला नाही तिच्याकडे जाऊच नकोस. मुलांजवळ कोणालाही सोडणारी संस्था ती. पैसे कशाकशाला जातात, तेही विचार. संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना १९७१ पासून चालू आहे, तिथे उलट राहण्याजेवण्याचा भत्ता मिळतो. निवड व्हायला वेळ लागतो, तर लागू दे. बॅग कुठलीही चालेल.

आणि स्वाहिली शीक, आजपासून. तुला जड जाणार नाही. चहा तिथे चाय, दुकान म्हणजे दुका, गाडी म्हणजे गारी, साबण म्हणजे साबुनी. वडीलधारं माणूस दिसलं की आधी 'शिकामो' म्हणायचं, ते 'मराहाबा' म्हणतात.

इथे मासेमारी बंद आहे, होड्या वर ओढून शाकारून ठेवल्यात. गणपतीला येशील तेव्हा एजन्सीचे कागद घेऊन ये, ओटीवर बसून एकेक ओळ वाचू. तोवर पैसे भरू नकोस. आणि पायरीवर आलीस की शिकामो म्हण. मी आतून मराहाबा म्हणेन.

तुझ्या,
बाई