पॅटर्न कुणाचा, ओतकाम कुणाचं

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कानडी-मराठी लिप्यंतराची लायब्ररी, म्हणजे एका लिपीतला मजकूर दुसरीत उतरवणारा तुझा कोड, अपाची या खुलं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या फाउंडेशनकडे दिली तर आमच्या हातात काय उरणार, ही तुझी धास्ती. ती मला कळते, पण तू घाबरतोयस ते भलत्याच गोष्टीला.

उद्यमबागेत माझ्या मामांची फाउंड्री होती. भिंतीशी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा घ्यायचा ते नमुने, रचलेले असत, प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर रंगवलेला. पॅटर्न गिऱ्हाइकाचा. वाळू किती ओली ठेवायची, लोखंड कधी ओतायचं, हे मात्र मामा आणि मोल्डर ठरवायचे. त्यात गिऱ्हाईक कधी बोललं नाही, आणि पॅटर्न आमचा असं मामाही कधी म्हणाले नाहीत.

अपाची फाउंडेशन 1999 पासून साधारण याच रीतीनं चाललंय. प्रोजेक्टचं नाव आणि ट्रेडमार्क फाउंडेशनकडे. कोड कसा लिहायचा, कुणाला कमिटर करायचं, म्हणजे थेट कोड बदलायचा हक्क द्यायचा, हे प्रोजेक्टची समिती म्हणजे पीएमसी ठरवते. संचालक मंडळ तांत्रिक दिशा ठरवत नाही. रिलीजला, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढायला, पीएमसीतल्या किमान तिघांची होकाराची मतं लागतात, आणि नकारांपेक्षा होकार जास्त हवेत. तुझा कॉपीराइट तर तुझ्याकडेच राहतो. आयसीएलए नावाच्या करारावर सही करताना तू परवाना देतोस, मालकी देत नाहीस. हे नीट वाच, कारण निम्मी भीती इथंच जाते.

नाव देताना पोटात तुटतं, कबूल. पण हडसन या खुल्या सॉफ्टवेअरचं आठव. 2011 साली त्या नावावर ओरॅकलनं हक्क सांगितला, आणि काम करणाऱ्यांना मतदान करून जेनकिन्स हे नवं नाव घ्यावं लागलं. 2023 मध्ये टेराफॉर्म या सॉफ्टवेअरचा परवाना ते बनवणाऱ्या कंपनीनं एकतर्फी बदलला, तेव्हा लोकांनी ओपनटोफू म्हणून वेगळी चूल मांडली. सगळं एकाच्या मुठीत असलं की असं होतं. आज तुझ्या लायब्ररीची मूठ तुझी आहे, म्हणून तुला तो धोका दिसत नाही.

खरी काळजी कर ती कोड आला कुठून याची. माझ्या जुन्या प्रोजेक्टमध्ये एका उत्साही मुलानं शब्दयादी टाकली होती. जवळजवळ दोन वर्षांनी कुणीतरी विचारलं, तेव्हा कळलं की ती एका छापील कोशावरून बसून टाइप केलेली. अनुक्रम तोच, एका जागी छपाईची चूकसुद्धा तशीच उतरलेली. फाईल काढली, पण गिट, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, त्याच्या इतिहासात ती होतीच, आणि तिच्यावर उभं राहिलेलं सगळं पुन्हा लिहावं लागलं. त्या मुलाच्या मनात खोट नव्हती. विचारायचं काम माझं होतं, मी विचारलं नाही.

तुझा बेंगळुरूचा मित्र रात्री कमिट करतो, म्हणजे तुझ्या प्रोजेक्टमध्ये कोड टाकतो, त्याचंही बघ. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं की नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा. त्याचं काम त्या व्याख्येत बसतं की नाही हे आपण अंदाजानं ठरवायचं नाही. त्याला नोकरीचा करार काढून बघायला सांग, आणि गरज पडली तर कंपनीकडून लेखी घे. अपाचीकडे कंपनीनं सही करायचा वेगळा करार आहे. जीपीएल नावाच्या परवान्याखालचं काही आत असेल तर तेही शोध, अपाचीच्या रिलीजमध्ये ते चालत नाही.

ही तपासणी म्हणजे कुणीतरी डोक्यावर बसणं, असं तू लिहिलंयस. मला तसं वाटत नाही. फीचरवरून कुणी हुकूम सोडला तर जरूर भांड, मीही तुझ्या बाजूनं बोलेन. पण ही फाईल कुणाची, असं विचारलं तर चिडू नकोस.

रविवारी येताना सगळ्या योगदान देणाऱ्यांची यादी आण. आणि तुझ्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, जोडाक्षरांची जी मोठी फाईल आहे, तिच्या माथ्यावर ना कुणाचं नाव आहे, ना परवाना. ती कुणी टाकली, कुठून आणली, आधी तेवढं विचारून ठेव.

तुझा,
काका