किनारा सफाईसाठी नव्याने येणाऱ्यांना

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वकील अफरोज शहा यांनी २०१५ मध्ये सुरू केलेले काम पाहून तुम्ही या वाटेला येत आहात, याचा मला मनापासून आनंद आहे. पहिली विनंती अशी की, सुट्टीचा वार पाहण्याआधी भरती-ओहोटीची वेळ पाहावी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास मुंबईत ओहोटीचे पाणी साधारण सकाळी सहाच्या सुमारास सर्वांत खाली गेलेले असते आणि उधाणाने वर आणून टाकलेला कचरा तेव्हा वाळूवर रेघ ओढल्यासारखा पसरलेला असतो. जवळच्या कोळीवाड्यातील जाणत्यांना विचारलेत, तर ते तिथीवरून वेळ सांगतील.

सर्वांत कष्टाचे काम नायलॉनच्या जाळ्यांचे. वाळूत रुतलेले जाळे ओढू नये. ओढल्याने ते तुटते आणि त्याचे तंतू वाळूतच राहतात. भोवतालची वाळू फावड्याने मोकळी करावी, जाळ्यात खेकडे अडकले असल्यास ते आधी सोडवावेत आणि मगच कोयत्याने तुकडे करावेत. दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे मात्र हातानेच वेचावे लागतात.

महापालिकेची गाडी येणार असल्याची खात्री झाल्याशिवाय सफाईला हात घालू नये, कारण किनाऱ्यावर रचून ठेवलेला ढीग पुढची भरती पुन्हा समुद्रात नेते. वर्सोव्याला मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले दिसली होती; म्हणून विणीच्या हंगामात, विशेषतः भरतीरेषेच्या वर, जेसीबी फिरवण्यास मी ठाम विरोध करतो आणि तुम्हीही करावा.