कृष्णविवराभोवतीचा चंचल प्रकाश: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (फोंडा): कृष्णविवरातून प्रकाश सुटत नाही, मग त्याच्या तेजात चढउतार कसे दिसतात?

उत्तर: ते तेज कृष्णविवराचे नसून त्याच्याभोवती फिरताना तापलेल्या वायूचे असते. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रात सुमारे 43 लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे 'सॅजिटेरियस ए स्टार' हे कृष्णविवर आहे, आणि त्याच्याभोवतीचा विरळ वायू सतत कमी-अधिक उजळत असतो.

प्रश्न (म्हापसा): या चढउतारांवरून नेमके काय कळते?

उत्तर: सर्वप्रथम आकार कळतो, आणि माझ्या मते हाच या विषयाचा गाभा आहे. प्रकाशाला एखादा प्रदेश ओलांडायला जितका वेळ लागतो, त्याहून कमी वेळात त्या संपूर्ण प्रदेशाचे तेज बदललेले आपल्याला दिसू शकत नाही, कारण पलीकडच्या भागातला बदल आपल्यापर्यंत उशिरा पोहोचतो. म्हणून काही मिनिटांत उजळणारा प्रदेश काही प्रकाशमिनिटांहून (प्रकाश एका मिनिटात कापतो ते अंतर म्हणजे प्रकाशमिनिट) मोठा नसावा, असे ठरवता येते. (आपल्या दिशेने अतिवेगाने येणाऱ्या झोतांबाबत हे गणित बदलते.) सूर्य आपल्यापासून आठ प्रकाशमिनिटांवर आहे, तर हे केंद्र सुमारे 26 हजार प्रकाशवर्षांवर, तिथली एवढी लहान जागा घड्याळाने मोजता येते, ही मला विलक्षण गोष्ट वाटते.

मे 2019 मध्ये हवाईतील केक दुर्बिणीने घेतलेल्या अवरक्त निरीक्षणांत हे तेज दोन तासांत 75 पटींनी बदलले. जेम्स वेब दुर्बिणीने 2023 व 2024 मध्ये मिळून सुमारे 48 तास पाहिले, तेव्हा ते कधीच स्थिर आढळले नाही. 2.1 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या प्रकाशातले बदल 4.8 मायक्रॉनवरच्या बदलांच्या काही सेकंद आधी दिसले. चुंबकीय क्षेत्रात फिरणारे इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत असल्याची ही खूण असावी, असे संशोधकांना वाटते.

प्रश्न (साखळी): आकाशगंगेचे केंद्र ज्या दिशेला आहे ती धनू रास मे महिन्यात मध्यरात्रीनंतर गोव्यातून छान दिसते, मग तेजाचे हे भडके दुर्बिणीतून का दिसत नाहीत?

उत्तर: वाटेतल्या धुळीमुळे. ती दृश्य प्रकाश जवळजवळ पूर्ण अडवते. अवरक्त व रेडिओ लहरी मात्र पार होतात.

प्रश्न (काणकोण): हौशी निरीक्षकाने काय पाहावे?

उत्तर: कन्या राशीतील '3सी 273' हा क्वेसार, म्हणजे महाकाय कृष्णविवराभोवतीच्या तप्त वायूमुळे झळाळणारे दूरच्या दीर्घिकेचे केंद्र, पाहावा. तो सुमारे 240 कोटी प्रकाशवर्षे दूर असूनही त्याची दृश्यप्रत (तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितके तेज कमी) 13च्या आसपास असते, त्यामुळे सत्तरी किंवा सांगे तालुक्यातल्या अंधाऱ्या जागेवरून आठ इंची दुर्बिणीत तो ठिपक्यासारखा सापडू शकतो. एप्रिलमध्ये रात्री तो जवळजवळ डोक्यावर येतो. कॅमेरा असल्यास त्याच चौकटीतील स्थिर ताऱ्यांशी त्याच्या तेजाची तुलना करावी, तारीख व वेळ नोंदवावी आणि दर उन्हाळ्यात तेच तारे तुलनेसाठी वापरावेत, कारण त्याचे बदल बहुधा महिन्यांच्या आणि वर्षांच्या गतीने होतात.